नासा, संस्कृत आणि तो फॉरवर्ड

‘संस्कृत ही कॉम्प्युटरसाठी सर्वोत्तम भाषा, असं नासानं सिद्ध केलंय. शब्द कुठेही ठेवा, अर्थ बदलत नाही, संदिग्धता शून्य.’ हा मेसेज फॅमिली ग्रुपवर अधूनमधून उगवतोच.

आधी नासा. 1985 मध्ये ‘एआय मॅगझिन’मध्ये रिक ब्रिग्ज यांचा लेख आला. ते नासाच्या एम्स केंद्रात संशोधक होते. लेख त्यांचा, नासाचा ठराव नव्हे. आपले वैयाकरण वाक्याचा अर्थ कारकांमध्ये (म्हणजे कर्ता, कर्म, साधन अशा भूमिकांमध्ये) उलगडत, ती पद्धत तेव्हाच्या एआयमधल्या ‘सिमँटिक नेट’शी, म्हणजे अर्थांच्या जाळ्याशी जुळते, हा त्याचा गाभा. संस्कृतमध्ये कोड लिहा, असं त्यात कुठेही नाही.

‘शब्द कुठेही ठेवा.’ बरं, ‘रावणाला रामानं मारलं’ हेही उलटसुलट करून चालतं. मग मराठीलाही सर्टिफिकेट द्या! ‘सी’ या प्रोग्रामिंग भाषेत मात्र ‘क = ख’ आणि ‘ख = क’ यांत जमीन-अस्मानाचा फरक. पहिल्यात ख ची किंमत क मध्ये जाते, दुसऱ्यात उलट.

‘संदिग्धता शून्य’ म्हणणाऱ्यांनी ‘श्वेतो धावति’ सोडवून दाखवावं. पांढरा धावतोय (श्वेतः), की कुत्रा इथून धावतोय (श्वा इतः)? संधी झाल्यावर दोन्ही अगदी एकच. हे उदाहरण खुद्द व्याकरणपरंपरेतलं आहे, आणि अशा श्लेषांवर तर कवींनी पिढ्यान्‌पिढ्या मजा केली. संदर्भावरून आपण अर्थ लावतो. कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरला ती सोय नाही, म्हणून तिथे हुकूम काढावा लागतो. दोन ‘इफ’ (जर) आणि एकच ‘एल्स’ (नाहीतर) आलं तर ते कुणाचं, हा घोळ अल्गोल 60 या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत होता. सीनं सांगून टाकलं, जवळच्या ‘इफ’चं.

आता गंमत बघा, असे हुकूम पाणिनीनंही काढलेत. दोन सूत्रांची टक्कर झाली तर नंतरचं लागू: ‘विप्रतिषेधे परं कार्यम्’. ‘इको यणचि’ घ्या. इ, उ, ऋ, ऌ यांच्या जागी य, व, र, ल. पुढे स्वर असेल तर. इथे षष्ठी (इकः) म्हणजे ‘च्या जागी’, सप्तमी (अचि) म्हणजे ‘हे पुढे असताना’. बोलीच्या संस्कृतात या विभक्त्यांचे इतरही अनेक अर्थ होतात. पाणिनीनं वेगळी सूत्रं लिहून ते आपल्या ग्रंथापुरते बांधून टाकले. म्हणजे काटेकोर नियम लिहायला त्याला स्वतःलाच रोजचं संस्कृत पुरलं नाही, त्यानं त्यातून एक कृत्रिम भाषा घडवली. मेसेजवाले कौतुक करतात संस्कृतचं. ते खरं या यंत्रणेचं व्हायला हवं.

प्रोग्रामिंगवाल्यांना हे दिसलं होतं. भाषांचं व्याकरण लिहायच्या ‘बॅकस नॉर्मल फॉर्म’ला ‘पाणिनी-बॅकस फॉर्म’ म्हणावं, अशी सूचना पीटर इंगरमन यांनी 1967 मध्येच पत्रातून केली होती.