१९६० ची विधानसभा कुणी नेमली नव्हती

१ मे जवळ आला की सांगलीतल्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो : 'महाराष्ट्राची पहिली विधानसभा दिल्लीने नेमलेली होती. तिच्यात विरोधक नव्हते. १९६२ पर्यंत तिने नुसते दिवस काढले.' यंदा भाच्याने तो मला पाठवला आणि राहवलं नाही.

नेमलेली? १९५७ साली द्वैभाषिक मुंबई राज्याच्या विधानसभेसाठी मतदान झालं, जागा ३९६. राज्य वेगळं झालं तेव्हा संसदेच्या कायद्याने १३२ जागा गुजरातकडे गेल्या, २६४ आपल्याकडे राहिल्या. १९६० मध्ये पुन्हा मतदान झालं नाही, एवढंच त्या मजकुरात खरं. आमदार मात्र लोकांनीच निवडून दिलेले. खुद्द यशवंतराव चव्हाण कराडमधून जेमतेम काठावर निवडून आले होते. नेमणूक असती तर एवढी दमछाक कशाला झाली असती?

विरोधक नव्हते, हे तर साताऱ्या-सांगलीच्या माणसाने म्हणूच नये. १९५७ ला आपल्याकडे प्रश्न एकच होता, संयुक्त महाराष्ट्राचा. त्यासाठी लढणाऱ्या विरोधी पक्षांच्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडवली. क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले. विधानसभेत एस. एम. जोशी होते, आचार्य अत्रे होते. अत्रे बसलेत त्या सभागृहात विरोध नव्हता म्हणे! ज्यांनी मराठी राज्यासाठी मतपेटीत चिठ्ठी टाकली, त्यांचीच माणसं त्या राज्याच्या पहिल्या सभागृहात बसली. मला याचं फार मोल वाटतं.

आता 'दिवस काढले'. आमच्या विकास सोसायटीचा, म्हणजे शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या गावच्या सहकारी संस्थेचा, वार्षिक अहवाल उघडा. सभेच्या नोटिशीतच 'महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६०' छापलेलं असतं. थकबाकीदाराच्या दारात येते ती '१०१ ची नोटीस', संचालकांची झोप उडवते ती '८८ ची चौकशी'. पारावर रोज बोलली जाणारी ही कलमं याच सभागृहाने मंजूर केलेल्या कायद्यातली. जमिनीच्या कमाल धारणेचा १९६१ चा कायदाही त्याच आमदारांचा.

आणि जिल्हा परिषदांचा कायदा. तोही त्यांनीच १९६१ मध्ये मंजूर केला. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदांचा कारभार सुरू झाला, तेव्हा निवडणूक होऊन नवी विधानसभा आली होती.