“बाई, तुम्ही कधी स्केट्स घातलेत का?” – हो, घातलेत!

दक्षिण कोरियातल्या गांगवॉनच्या २०२४ च्या युवा हिवाळी ऑलिम्पिकमधल्या फिगर स्केटिंगवर मी लिहिलं, त्याखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एक प्रतिक्रिया आलीय. ती आधी जशीच्या तशी देते, नाहीतर मी सोयीचं तेवढं उचललं म्हणाल. “बाई, ज्या खेळात पडलेली मुलगी न पडलेल्या मुलीच्या वर जाते त्याला स्पर्धा म्हणायचं की शाळेचं गॅदरिंग? सगळा परीक्षकांच्या मर्जीचा मामला. पंधरा वर्षांच्या पोरींच्या हाडांची वाट लावून मिळवलेल्या पदकांचं एवढं कौतुक कशाला? आणि आपल्याकडे बर्फ आहे कुठे? तुम्ही कधी स्केट्स घातलेत का?”

पहिल्यांदा हे ‘बाई’. लेखाखाली माझं पूर्ण नाव आहे, ते वाचता आलं असतं. स्वतःचं नाव मात्र द्यायचं नाही, घ्यायचं ते ‘स्पष्टवक्ता’, आणि सुरुवात करायची ती गॅदरिंगपासून. अहो मी पुण्यात वाढलेय, खवचटपणाचं मला वावडं नाही, पण आमच्याकडे खवचट बोलायलासुद्धा थोडा अभ्यास करून येतात.

आता स्केट्सचं. शाळेत असताना चार चाकांचे रोलर स्केट्स घालून सिमेंटच्या रिंकवर गुडघे फोडून घेतलेत, त्याचे वण अजून आहेत. लग्नानंतर कॅनडात आले आणि तिशीत कडेचा कठडा धरून बर्फावर उभं राहायला शिकले, तेव्हा शेजारून पाच वर्षांची पोरं उलटी स्केटिंग करत निघून जायची. आता लेक शिकतेय म्हणून पहाटे रिंकवर थर्मास घेऊन कुडकुडत बसते. आणि क्लबच्या स्पर्धांना व्हॉलंटियर म्हणून टेक्निकल पॅनलच्या, म्हणजे उड्या तपासणाऱ्या तिघांच्या शेजारी बसून व्हिडिओ रिप्लेचं कामही केलंय. त्यातला स्पेशालिस्ट “ट्रिपल लुट्झ, रिव्ह्यू” म्हणाला की ती तीन फिरक्यांची उडी पुन्हा काढून स्लो मोशनमध्ये दाखवायची, मग तिघं मिळून ठरवणार की पाव फिरकी कमी पडली का नाही. तेव्हा मर्जीचा मामला वगैरे मला सांगू नका, निदान त्या आवाजात तरी सांगू नका.

पडलेली मुलगी वर कशी जाते? सांगते, आणि जरा सविस्तरच सांगते कारण हा प्रश्न प्रत्येक ऑलिम्पिकला कुणीतरी नव्याने शोध लावल्यासारखा विचारतो. प्रत्येक उडीला भाव ठरलेला असतो, भाजीच्या पाटीवर लिहिलेला असावा तसा. डबल अ‍ॅक्सल या उडीला ३.३ गुण, ट्रिपल अ‍ॅक्सलला ८. साधी ट्रिपल टो लूप ४.२ आणि तीच चार फिरक्यांची केली की ९.५. त्यावर परीक्षक उडीच्या दर्जाप्रमाणे उणे ५ ते अधिक ५ देतात, एकेक अंक म्हणजे मूळ किमतीच्या दहा टक्के. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा काढून टाकतात नि उरलेल्यांची सरासरी घेतात, म्हणजे एखाद्या परीक्षकाला कुणाचा पुळका आला तरी त्याची धाव तेवढीच.

आता ट्रिपल अ‍ॅक्सल करताना पोरगी पडली समजा. फिरक्या पूर्ण असतील तर ८ मधले ४ गेले, वर पडल्याचा १ वेगळा कापला, हातात राहिले ३. आणि जिने पंगा न घेता नीट डबल अ‍ॅक्सल केली तिला ३.३. म्हणजे तुमची न पडलेली मुलगीच वर आहे की हो! पाव ते अर्धी फिरकी कमी पडून शिवाय आपटली असती तर मूळ किंमतच ८० टक्के धरतात, म्हणजे ६.४, त्यातले निम्मे गेले आणि पुन्हा एक वजा, राहिले २.२. पडणं फुकट नाहीये. पण हे एका उडीचं झालं, आणि मुलींच्या फ्री स्केटमध्ये, म्हणजे लांबच्या फेरीत, उड्यांच्या आणखी कितीतरी जागा असतात, स्पिन असतात, पायांचं काम असतं, शिवाय रचना, सादरीकरण आणि स्केटिंगचं कौशल्य यांचे वेगळे गुण, आणि आदल्या शॉर्ट प्रोग्रॅमची, म्हणजे छोट्या फेरीची शिल्लक असते ती निराळीच. तुम्ही टीव्हीवर तीन सेकंद आपटणं बघितलं आणि उरलेल्या साडेतीन मिनिटांत बहुतेक चहा टाकायला गेलात.

२०१४ च्या सोची ऑलिम्पिकमध्ये जपानचा युझुरु हान्यू फ्री स्केटमध्ये दोनदा पडला आणि तरी सोनं त्याचंच. का, तर शॉर्टमध्ये त्याने १०१.४५ केले होते आणि कॅनडाच्या पॅट्रिक चॅनला पुढे जायची संधी आयती मिळूनही त्याने स्वतः चुका केल्या. शेवटी हान्यू २८०.०९ आणि चॅन २७५.६२. मर्जी कुठे आली यात? आणि तेव्हा दर्जाचा अंक उणे ३ पर्यंतच जायचा, तो ५ पर्यंत ताणला २०१८ मध्ये, त्यामुळे आज पडणं तेव्हापेक्षा महाग आहे. मर्जीचा मामला म्हणायचाच असेल तर २००२ च्या सॉल्ट लेक सिटी ऑलिम्पिकमध्ये जा, तिथे जोड्यांच्या स्पर्धेत फ्रेंच परीक्षक बाईंवरून एवढा गदारोळ झाला की कॅनडाच्या जोडीला दुसरं सुवर्ण द्यावं लागलं. जुनी सहा गुणांची पद्धत त्याच्यानंतरच गेली. तुम्ही जिच्यावर चिडलाय ती पद्धत केव्हाच मोडीत निघालीय.

एक मान्य करते, पोशाखांवर मी दोन पॅरा घालवले तिथे एक पुरला असता. तेवढं तुमच्याही लक्षात आलं नव्हतं, मीच सांगतेय.

हाडांचा मुद्दा. बरं, तो वेगळा विषय आहे, पण आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने २०२२ मध्येच सीनियर गटाची वयोमर्यादा टप्प्याटप्प्याने १७ वर न्यायचं ठरवलं. त्याचाच परिणाम म्हणून गांगवॉनला जिंकलेली जपानची माओ शिमादा, जिने ज्युनियरची जागतिक स्पर्धा पुन्हा पुन्हा जिंकली, ती २०२६ च्या मिलान-कोर्तिना ऑलिम्पिकला वयात बसलीच नाही. काळजी घेणारे घेतायत, आपण घरी बसून कळवळायची एवढी गरज नाही. रशियाच्या व्हालीएव्हाचं डोपिंगचं प्रकरण तुम्ही काढणारच असाल तर तिच्या बंदीचा निकाल गांगवॉनची स्पर्धा चालू असतानाच आला हे मलाही माहितीय, पण माझा लेख औषधांवर नव्हता. आणि युवा पदकांचं कौतुक कशाला म्हणाल तर २०१२ च्या इन्सब्रुकच्या युवा ऑलिम्पिकला रशियाची तुक्तामिशेवा पहिली आली, तिच्याच देशाची सोत्निकोव्हा दुसरी. दोनच वर्षांनी सोचीत ऑलिम्पिक सोनं सोत्निकोव्हाने नेलं आणि तुक्तामिशेवा जगज्जेती होऊनही एकदाही मोठ्या ऑलिम्पिकला गेली नाही. मला हे बघायला आवडतं, कुणाची परवानगी काढायचीय का?

भारतात बर्फ कुठाय म्हणे! सिमल्याची रिंक १९२० ची आहे, गुरुग्रामला मॉलमध्ये आहे, डेहराडूनला २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधली आणि मग वर्षानुवर्षं कुलूप लावून ठेवली, ती पुन्हा उघडली थेट २०२५ मध्ये. राग काढायचा असेल तर तो इतकी वर्षं लावलेल्या त्या कुलपावर काढा ना.

असो. प्रतिक्रिया मी उडवलेली नाही, उडवणारही नाही. प्रत्येक स्पर्धेनंतर प्रोटोकॉल शीट नेटवर येतं, कुठल्या उडीला कुठल्या रकान्यात काय मिळालं ते उडीगणिक लिहिलेलं असतं. ते उघडा, एक उडी दाखवा जिथे तुमच्या मते मर्जी चालली, आणि तो आकडा इथे लिहा. मग बोलू, आणि तेव्हा ‘बाई’ नको, नावाने लिहा.