उधारी खोल पाण्यात

आमचं भांड्यांचं दुकान नाशिकच्या भांडी बाजारात, गोदाघाटापासून हाकेच्या अंतरावर. पुराचं पाणी आम्ही तीन पिढ्या नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या अंगावर मोजत आलोय. मारुतीच्या गुडघ्याला लागलं की खालच्या फळीवरचा माल वर, कमरेला लागलं की शटर खाली. 2016च्या ऑगस्टमध्ये मात्र पाणी थेट आत शिरलं. स्टीलची पातेली डुलत डुलत दाराकडे निघाली आणि मी माळ्यावर बसून त्यांना निरोप देत होतो. मालाला पोहता येत होतं, मालकाला नाही.

तरी शिकायला गेलो तो पुराच्या धाकाने नाही. व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात वक्ता म्हणाला, ‘धंदा वाढवायचाय? एखादा खेळ शिका!’ त्याने टेनिस आणि गोल्फ सुचवले. खर्च ऐकून मी पाणी निवडलं. नाहीतरी धंद्यातली आपली निम्मी भाषा पाण्याचीच. पैसे बुडतात, पार्टी तरते, दुकान गाळात जातं.

सकाळी सहाच्या बॅचला चड्डी, टोपी, गॉगल अशा अवतारात काठावर उभा राहिलो, तेव्हा पितळ उघडं पडणं म्हणजे काय ते बावीस वर्षं पितळ विकून पहिल्यांदा समजलं.

कोच आमच्या दुकानातल्या पोऱ्याच्या वयाचा.

‘काका, अंग सोडा.’

‘सोडलंय.’

‘मग काठ पण सोडा.’

छातीत हवा असते म्हणून ती तरंगते. पाय म्हणजे नुसतं हाड आणि मांस, ते जड. घाबरून डोकं वर काढलं की पाय आणखी खाली. सरळ तराजूचा हिशेब आहे. पण नाकात क्लोरीनचं पाणी गेलेल्या माणसाला तराजू आठवत नाही. घरी वडील वेगळंच ऐकवायचे. त्यांच्या वेळी पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत ढकलत, ना फी, ना टोपी. महिनाभराने माझी प्रगतीही भोपळाच होती. फक्त तो पाठीला बांधलेला नव्हता.

वक्त्याने सांगितल्याप्रमाणे मी धडे वहीत उतरवत होतो. सगळ्यात महाग पडला श्वासाचा. ‘काका, तुम्ही नुसता घेताय. आधी पाण्यात सगळा सोडा, मग घ्यायला जागा होईल.’ मला हे इतकं पटलं की त्याच दिवशी मी माळ्यावर चढलो. तिथे आजोबांच्या वेळचे 11 तांब्याचे बंब. घरोघरी गिझर आल्यापासून एकही हलला नव्हता. आधी सोडा, मग जागा होईल! मोडीच्या भावात देऊन टाकले. नवव्या दिवशी एका हॉटेलचा इंटिरियरवाला दारात. ‘शेठ, जुने तांब्याचे बंब आहेत का? डझनभर हवेत. पैशाचं बघू नका.’

त्या दिवशी गल्ल्यावर बसल्या बसल्या माझ्या नाकातोंडात पाणी गेलं.

दुसऱ्या महिन्यात, किक बोर्ड धरून पाय मारत असताना, खोल बाजूला एक ओळखीचं टक्कल दिसलं. केटरर! लग्नसराईत पातेली, झारे, पराती नेऊन 38,000 रुपये थकवलेले आणि तेव्हापासून फोन ‘संपर्क क्षेत्राच्या बाहेर’. त्यानेही मला पाहिलं आणि माशासारखी बुडी मारली. पुढचे चार दिवस हेच. तो खोलात, मी कमरेएवढ्या पाण्यात, मध्ये दोरी. बुडीत खातं मी वहीत पाहिलं होतं, असं डोळ्यांदेखत बुडी मारताना नव्हतं पाहिलं.

पाचव्या दिवशी बोर्ड फेकला आणि दोरीखालून निघालो. अंग सोडलं होतं की नाही, डोकं कुठे होतं, काही आठवत नाही. डोळ्यांसमोर फक्त 38,000चा आकडा. मागून कोच ओरडत होता, ‘काका, मस्त! काका, श्वास!’ पलीकडचा पाइप हाताला लागला तेव्हा शेजारी तोच, टक्कल पुसत.

‘अरे वा, शेठ! काय पोहताय!’

मी तोंड उघडलं. हवेशिवाय काही निघेना. एक हात पाइपला आणि दुसरा छातीवर, त्यामुळे बोटांनी आकडा दाखवायचीही सोय नाही.

‘बरं झालं भेटलात. पुढच्या आठवड्यात मोठं कार्य आहे, आणखी चार मोठी पातेली लागतील. मागचं-पुढचं एकदमच देतो. चालेल ना?’

नाही म्हणायला मी जोरात श्वास ओढला, तशी मान वरखाली झाली.

दुपारी त्याचा टेम्पो आला.