जागा नाही म्हणे!

नागपूरच्या मानेवाड्यात आमच्या गल्लीत कुत्रं गाडीखाली आलं की दरवेळी तेच. जनावरांच्या निवाऱ्यात फोन लावा, तर "जागा नाही जी, तुम्हीच आणून सोडा." अरे बाप्पा, मागचा पाय लोंबतोय, हात लावला की चावायला धावतंय, ते स्कूटीवर कसं आणू? ऑटोवाला तर बघूनच पळतो. भटक्या कुत्र्यांसाठीच्या केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांत नसबंदी, रेबीजची लस, उचललं तिथंच परत सोडणं, सगळं लिहिलंय. आमच्या गल्लीत कानाला खाच, म्हणजे नसबंदी झाल्याची खूण, असलेलं एक कुत्रं दाखवा! त्यात 2025 मध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं, शाळा-दवाखान्यांतली कुत्री निवाऱ्यात हलवा. कुठं, आमच्या अंगणात? आधी पिंजरे वाढवा, रात्रपाळीला डॉक्टर बसवा, आलं किती, मेलं किती ते फाटकावरच्या फळ्यावर लिहा. काहून जड जाते एवढं?