लुसिओ आपली जागा सोडायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ब्राझीलचा बचावपटू लुसिओ याच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेली प्रतिक्रिया वाचली. दोन ओळींत उरकण्यासारखी ती नाही, म्हणून जरा ऐसपैस लिहितोय. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो: मी लुसिओला उगाच डोक्यावर घेतलंय. बचाव वाऱ्यावर सोडून पुढे धावत सुटायचं ही त्याची खोड. 2002 च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध त्यानं त्यांच्या ओवेनला गोल आंदण दिला, ब्राझीलची अब्रू वाचवली ती रिवाल्डो आणि रोनाल्डिन्योनं. उतारवयात इंडियन सुपर लीगमध्ये गोव्याच्या संघाकडे आला तोही निव्वळ पैशासाठी. आणि वर सल्ला, की बचावपटूवरच लिहायचं तर ब्राझीलच्याच अल्दाइरवर लिहा.

आधी इंग्लंडचं बघू. 21 जून 2002, शिझुओका, उपांत्यपूर्व सामना, तेविसावं मिनिट. हेस्कीनं पुढे टाकलेला चेंडू लुसिओच्या अंगावरच येत होता. त्याला तो साधा थांबवताही आला नाही, चेंडू उसळून पुढे पडला, ओवेन टपलेलाच होता. गोलरक्षक मार्कोसच्या अंगावरून अलगद गोल. यात लुसिओची बाजू घेण्यासारखं काहीच नाही. पण तुम्ही टीव्ही तिथेच बंद केलात की काय? मध्यंतराच्या तोंडावर रिवाल्डोनं बरोबरी केली, नंतर रोनाल्डिन्योची ती फ्री किक इंग्लंडचा गोलरक्षक सीमनच्या डोक्यावरून आत गेली, इथवर तुमचं बरोबर. पुढे 57व्या मिनिटाला त्याच रोनाल्डिन्योला लाल कार्ड मिळालं. म्हणजे अब्रू वाचवणारा गेला तंबूत, आणि उरलेल्या दहा जणांना अर्ध्या तासाहून जास्त वेळ एका गोलची आघाडी सांभाळायची होती. त्या वेळात इंग्लंडला धड एक संधी मिळाली नाही. तेव्हा बचावफळीत कोण उभा होता? तोच. चोविशीतला पोरगा, सगळ्या जगासमोर माती खाल्लेला, आणि त्यानंतर एकही चेंडू सैल सोडत नाही. मला लेखात नेमकं हेच सांगायचं होतं.

आता त्या धावण्याबद्दल, कारण खरा मुद्दा तो आहे. आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर स्टॉपर, म्हणजे बचावफळीतला मधला खेळाडू, चेंडू घेऊन मधली रेषा ओलांडायला लागला की स्टँडमधून 'मागं फिर!' अशी आरोळी उठलीच म्हणून समजा. तुमची प्रतिक्रिया वाचताना मला तीच ऐकू आली. पण 2002 चा ब्राझीलचा प्रशिक्षक स्कोलारी, त्याची मांडणी आठवा. मागे तीन जण: लुसिओ, एडमिल्सन, रोक ज्युनिअर. त्यांच्यापुढे जिल्बर्तो सिल्वा, ज्याचं कामच मागे राहून भोकं बुजवायचं होतं. लुसिओ निघाला की त्याची जागा ओस पडत नसे, बाकीचे सरकून घेत. आणि तो निघायचा कशासाठी? प्रतिस्पर्ध्यांनी तुमच्या मधल्या खेळाडूंना एकास एक धरलेलं असतं, पास द्यायला कुणी मोकळा नसतो. अशा वेळी स्टॉपर स्वतः चेंडू घेऊन चालून आला की त्याला अडवायला कुणाला तरी आपला माणूस सोडावाच लागतो. तो सुटला की पास निघाला. उंच, दणकट, लांब ढांगांचा लुसिओ असा येताना दिसला की समोरच्यांची तारांबळ उडायची. लहानपणी तो आघाडीला खेळायचा, ते अंगात मुरलेलं होतंच.

बरं, ही खोडच असती तर सुटली नसती. 2009 साली लुइस व्हान गाल जर्मनीतल्या बायर्न म्युनिकचा प्रशिक्षक झाला आणि त्याला लुसिओ नकोसा झाला. बायर्नबरोबर तीनदा लीग आणि तीनदा जर्मन कप जिंकलेला माणूस! इंटर मिलाननं त्याला उचललं. तिथे प्रशिक्षक मोरिन्योनं त्याला वॉल्टर सॅम्युएलच्या शेजारी उभं केलं आणि बहुतेक वेळ मागेच ठेवलं. बार्सिलोनाच्या मैदानावर 2010 च्या चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा परतीचा सामना काढून बघा. 28व्या मिनिटाला इंटरच्या थियागो मोत्ताला बाहेर काढलं, पुन्हा दहा जण, आणि समोर मेस्सी, झावी. तासाभराच्या वेढ्यात बार्सिलोनाला एकच गोल मिळाला, तोही 84व्या मिनिटाला, आणि इंटर एकूण 3-2 नं अंतिम फेरीत. 22 मे 2010 ला माद्रिदमध्ये अंतिम सामना कुणाशी? बायर्नशी. बाकावर व्हान गाल. निकाल 2-0, मिलितोचे दोन गोल, इंटरला तिन्ही मोठे किताब. (दैव असले हिशोब क्वचितच इतक्या लवकर चुकते करतं.)

तुम्हाला तो धसमुसळा वाटतो, तर हेही वाचा. 2006 च्या विश्वचषकात तो सलग 386 मिनिटं एकही फाउल न करता खेळला. चार सामने अख्खे, आणि पाचव्यात फ्रान्सविरुद्ध पंचविसेक मिनिटं. जागा चुकलेल्या बचावपटूला मागून पाय घालावाच लागतो. फाउल न करता जो निभावतो, तो वेळेवर जागेवर पोचलेला असतो.

खरं तर तुम्ही इंग्लंडऐवजी नेदरलँड्सचं नाव काढलं असतं तर मला जड गेलं असतं. 2010 च्या विश्वचषकाचा पोर्ट एलिझाबेथमधला उपांत्यपूर्व सामना, लुसिओ कर्णधार, ब्राझील 1-0 नं पुढे, आणि उत्तरार्धात सगळ्या संघाचं डोकं फिरलं. कॉर्नरवर स्नायडरसारखा बुटका माणूस डोक्यानं गोल मारून गेला. फेलिपे मेलोनं समोरच्याला तुडवून लाल कार्ड घेतलं. कर्णधारानं आपल्या माणसांना आवरायचं असतं, ते त्या दिवशी झालं नाही. वर्षभर आधी जोहान्सबर्गला कॉन्फेडरेशन्स कपच्या अंतिम सामन्यात अमेरिकेविरुद्ध 0-2 अशी अवस्था असताना शेवटचा, 3-2 चा हेडर त्याचाच होता. त्यामुळे पोर्ट एलिझाबेथची ती हार जास्त सलते.

राहिलं गोवा. पैसे घेऊन आला, हो. व्यावसायिक खेळाडू फुकट कशाला येईल? 2015 मध्ये तो आला तेव्हा सदतिशीत होता, झिकोच्या हाताखाली गोवा गुणतालिकेत पहिला आला, आणि फातोर्ड्याचा तो अंतिम सामना शेवटच्या दोन-तीन मिनिटांत चेन्नईयिननं हिसकावून घेतला. तुम्ही तिथे स्टँडमध्ये होतात म्हणता, तर तुमचा राग कळतो. 2016 ला गोवा थेट तळाला गेला, त्याबद्दल माझ्याकडे बचाव नाही. पण त्यानंतर हा माणूस कुठे गेला, तेही पाहा. गावाकडे. प्लानाल्टिना हे त्याचं गाव ब्राझिलियाच्या जवळचं. त्याच भागातल्या गामा आणि मग ब्रासिलिएन्से या छोट्या क्लबांकडून तो खेळत राहिला आणि 2020 च्या सुरुवातीला थांबला. विश्वचषक आणि चॅम्पियन्स लीग दोन्ही घरात असलेला माणूस तिथे पैशासाठी गेला, असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. पोरसवदा असताना याच भागातल्या ग्वारा क्लबकडून खेळताना पोर्तो अलेग्रेच्या इंटरनॅसिओनाल क्लबनं त्यांना 7-0 धुतलं होतं, आणि सात गोल खाल्लेल्या बचावातला हा पोरगा मात्र जिंकणाऱ्यांनी हेरून पोर्तो अलेग्रेला नेला. तिथून लेव्हरकुसेन, बायर्न, इंटर.

अल्दाइरची सूचना मात्र मनापासून आवडली. 1994 ची अंतिम लढत आणि रोमातली ती 13 वर्षं यावर लिहायलाच हवं. रोमानं त्याच्या सन्मानार्थ 6 नंबरची जर्सी बाजूला ठेवली होती आणि 2013 मध्ये नव्यानं आलेल्या स्ट्रूटमनला ती दिली ती खुद्द अल्दाइरला विचारून. तिथूनच सुरुवात करेन म्हणतो.