सबटायटल, झारी आणि आमची आई

सबटायटल लावायची आयडिया माझी होती, हे आधीच कबूल करून टाकतो, कारण घरात अजून त्यावरून मला ऐकवलं जातं.

२०११ चा डिसेंबर. आम्ही तेव्हा लंडनमध्ये हाउन्स्लोला भाड्याच्या घरात राहायचो आणि आईबाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर आले होते. पहिला महिना मजेत गेला, टॉवर ब्रिज झाला, राणीचा वाडा बाहेरून झाला, मग थंडी पडली आणि दुपारी चारलाच अंधार व्हायला लागला, त्यामुळे दोघं घरात. बाबा खिडकीत बसून हीथ्रोला उतरणारी विमानं मोजायचे आणि आई, जी एकतीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवून रिटायर झालीय, ती माझ्या बायकोच्या मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावायची. तेही संपलं.

बाबांचं एक वेगळंच दुःख होतं. माणूस सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याच्यावर पोट भरलेलं, आणि इथे येऊन बघतो तर बेसिनला गरम पाण्याचा नळ वेगळा आणि गार पाण्याचा वेगळा, एकात हात भाजतो, दुसऱ्यात गारठतो, आणि संडासात तर पाण्याचा पत्ताच नाही, नुसता कागद. "दीडशे वर्षं आपल्यावर राज्य केलं यांनी आणि हे?" असं ते रोज सकाळी बाहेर आल्यावर म्हणायचे. शेवटी मी पौंडाच्या दुकानातून झाडांना पाणी घालायची हिरवी प्लास्टिकची झारी आणली, जी इथल्या बऱ्याच देशी घरांत कमोडशेजारी असतेच. गोरे पाहुणे आले की बाथरूममधून बाहेर येऊन झाड शोधतात, आम्ही विषय बदलतो.

तर ऑफिसात सीक्रेट सँटा होतं, म्हणजे चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गिफ्ट द्यायचं, आणि मला निघाली 'द इनबिट्वीनर्स मूव्ही'ची डीव्हीडी. १२ डिसेंबरला बाजारात आली होती, एकदम ताजी. ऑगस्टमध्ये थेटरात लागला तेव्हापासून टीममधली पोरं त्यातलेच डायलॉग मारत होती, पहिल्या वीकेंडलाच १ कोटी ३२ लाख पौंडांचा गल्ला झालेला. मी ना थेटरात पाहिलेला ना त्याची आधीची टीव्ही सिरियल, पण इंग्लिश कॉमेडी म्हणजे सूट घातलेला एखादा बावळट माणूस छत्री विसरतो वगैरे, अशी माझी समजूत.

घरी बाबांनी कव्हर हातात घेऊन चष्म्याच्या खालून, वरून, सगळीकडून तपासलं. कोपऱ्यात गुलाबी गोलात '१५' लिहिलेलं. बाबा म्हणाले, "पंधरा वर्षांच्या पोरांसाठी आहे. म्हणजे बालचित्रपटच. लाव." आता इथल्या सेन्सॉर बोर्डाच्या भाषेत त्याचा अर्थ पंधराच्या खालच्यांना बंदी असा होतो हे मला माहीत होतं, पण बाहेर अंधार, घरात कंटाळा, मी लावला. बायकोने कव्हरची मागची बाजू वाचली आणि तिला लगेच एक महत्त्वाचा फोन आठवला, ती वर गेली ती गेलीच. मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

आईने साउथहॉलहून आणलेली मेथी घेतली निवडायला, मांडीवर पेपर, शेजारी पातेलं. पाचच मिनिटांत म्हणाली, "ही पोरं दात न उघडता काय बोलतात रे?" म्हणून मी रिमोट घेतला आणि सबटायटल लावले. तेही नेमके बहिऱ्यांसाठीचे, ज्यात बोलणं तर येतंच पण कोण ओकतंय आणि कोण कण्हतंय तेही कंसात लिहून येतं.

सुरुवात बरी होती. चार पोरं, विल, सायमन, जे आणि नील, शाळा संपलेली. गिल्बर्ट सर निरोपाच्या भाषणात पोरांना धुतात ते आईला फार आवडलं, "असं बोलायचं माझ्या फार मनात होतं" म्हणाली. मग जेचे आजोबा जातात. आई हळहळली. पुढच्या काही मिनिटांत पोरं क्रीट बेटावरच्या मालिया नावाच्या गावी मजा करायला निघाली तेव्हा आईचा हात थांबला. "अरे, सुतक चालू असेल ना त्याला?"

मी म्हटलं, यांच्यात नसतं.

आणि मग घोळ सुरू झाला. आईची इंग्लिश वाचायची पद्धत म्हणजे वर्गात धडा वाचायची पद्धत, एकेक शब्द सुटा, मोठ्याने, स्पष्ट. स्क्रीनवर जे येईल ते ती वाचत होती. मी आयुष्यात ज्या शब्दांबद्दल शाळेत छड्या खाल्ल्या त्याच्या दहापट शब्द माझी जन्मदाती परिपाठाच्या आवाजात खणखणीत वाचत होती आणि मी सोफ्याच्या उशीची शिवण उसवत बसलो होतो. मध्येच थांबली. "वँकर म्हणजे काय रे?"

बाबांनी विमानं बघायला मान वळवली.

"वँकर म्हणजे... बँकर. बँकेत असतात ते. इथला उच्चार."

"मग डब्ल्यू कशाला?"

"जुनं स्पेलिंग आहे."

आईने समाधानाने मान हलवली आणि पुढे वाचायला लागली. आता गंमत बघा, लंडनच्या कॉकनी बोलीत यमक जुळवून आडून बोलायची जी पद्धत आहे त्यात या शिवीसाठी 'मर्चंट बँकर' असंच म्हणतात, म्हणजे मी घाबरून जे खोटं बोललो ते बरोब्बर होतं. हे मला नंतर कळलं.

मग तो हॉटेलातला सीन आला. खोली कळकट, आणि बाथरूममध्ये कमोडशेजारी बिडे, म्हणजे धुवायला पाण्याचं ते छोटं भांडं. नीलला वाटतं हा लहान मुलांचा कमोड. आणि तो त्याचा तसाच उपयोग करतो. आणि ते दिसतं.

घरात शांतता. सबटायटलसुद्धा गप्प. मी रिमोट शोधतोय, रिमोट मेथीच्या पेपरखाली, आईच्या मांडीवर, मागायची सोय नाही. आणि बाबा खुर्चीतून उठले. मला वाटलं संपलं, आता उद्याचं मुंबईचं तिकीट.

"म्हणजे आहे!" बाबा टीव्हीकडे बोट दाखवून ओरडले. "ग्रीसमध्ये आहे! युरोपात आहे! पाण्याची वेगळी सोय, वेगळं भांडं, सगळं आहे, आणि हा गाढव..." त्यांना पुढे बोलवेना. पोरगा अश्लील वागला याचं त्यांना काहीच नव्हतं, चालू स्थितीतल्या पाण्याच्या जोडणीचा गैरवापर झाला होता. मग त्यांनी मला तो सीन मागे घ्यायला लावला. दोनदा. "थांबव. पॉज कर. नळ मागून दिलाय का बघ." अशा रीतीने ब्रिटिश सिनेमातला तो क्षण आमच्या बत्तीस इंची टीव्हीवर चार मिनिटं स्थिर उभा होता आणि बाबा स्क्रीनजवळ वाकून पाइपलाइन बघत होते.

मी मनात म्हटलं, आपले दादा कोंडके किती बरे. बाबा कोंडके भक्त, 'सोंगाड्या' १९७१ चा, तो त्यांनी किती वेळा पाहिला ते आईसमोर सांगत नाहीत, पण दादांचे लागोपाठ नऊ सिनेमे पंचवीस-पंचवीस आठवडे चालून गिनीज बुकात नाव गेलं हे येईल त्याला सांगतात. तिथेही सगळं तेच असतं हो, पण दादा बोलतात एक आणि अर्थ निघतात दोन, त्यामुळे थेटरात अख्खं कुटुंब बसलं तरी बाप हसला की पोरांनी समजायचं तो पहिल्या अर्थाला हसला, आणि पोरं हसली की बापानेही तेच समजायचं. सगळ्यांची अब्रू शाबूत. सेन्सॉरवाले सुद्धा कात्री घेऊन बसायचे आणि दादा म्हणायचे, यात वाईट काय, तुमच्याच मनात आलं. इंग्रजांच्या या पिक्चरमध्ये दुसरा अर्थच ठेवलेला नाही. बिडेत जे आहे ते आहे. मी कुठल्या अर्थाकडे बघू?

बाकीचा पिक्चर मी असाच चोरासारखा पाहिला. एक मात्र सांगतो, चौघं रिकाम्या डिस्कोत पोरींसमोर नाचत नाचत जातात तिथे आई खळखळून हसली, "आपल्या गल्लीतली विसर्जनाची पोरं" म्हणाली, आणि खरंच तस्सेच नाचतात, हातपाय एकीकडे, ताल दुसरीकडे, चेहऱ्यावर मात्र जग जिंकल्याचा भाव. सायमन बोटीवरच्या पार्टीच्या तिकिटासाठी अंगावरच्यासकट सगळे कपडे विकतो तेव्हा तिला त्याची दया आली. "थंडी नसेल ना रे तिथे?" पिक्चर संपल्यावर ती काही न बोलता आत गेली. पातेल्यात बघितलं तर मेथीच्या काड्या होत्या. पानं सगळी कचऱ्याच्या पिशवीत.

रात्री बाबांनी साताऱ्याला काकांना फोन केला. "इंग्लिश पिक्चर बघितला आज. हां. ग्रीसमधल्या पाणीपुरवठ्यावर होता. चांगला होता."

मला वाटलं सुटलो.

पुढच्या रविवारी घरी सात-आठ जण जेवायला, त्यात माझा कॉलेजातला मित्र, जो कॅनरी वॉर्फला एका मोठ्या बँकेत आहे. तेव्हा सेंट पॉल्स चर्चच्या बाहेर तंबू ठोकून लोक बँकवाल्यांविरुद्ध बसले होते, त्यामुळे तो बिचारा आधीच जरा दबून असायचा. आईने त्याच्या पुरणपोळीवर तुपाची धार धरली, दुसरी पोळी वाढली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा कौतुकाच्या आवाजात म्हणाली, "तुझी आई सांगत होती फोनवर. लंडनमधला एवढा मोठा वँकर झालास तू, पण पाय अजून जमिनीवर आहेत हो."

चमचे थांबले. माझ्या बायकोला पुन्हा एकदा फोन आला.

मित्राने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, पोळीचा घास गिळला.

"काकू," तो म्हणाला, "सध्या सगळे तसंच म्हणतात."