दिवसाला बारा अ‍ॅक्टिव्हिटी? आधी आमच्या गावात मे महिना काढून दाखवा

आठ दिवसांपासून एकच मेसेज फिरून राहिला, बचत गटाच्या ग्रुपवर तोच, माहेरच्या ग्रुपवर तोच. उन्हाळ्यात लहान मुलांना घरात कसं गुंतवायचं म्हणून. त्यात काय आहे तर मूल बोअर झालं की मेंदू मागे पडतो म्हणून दर अर्ध्या तासाला नवीन अ‍ॅक्टिव्हिटी द्या, पाच वर्षांपर्यंत ९० टक्के मेंदू तयार होतो नंतर वेळ गेली, परातीत कडधान्य भरून खेळायला द्या, शिकवणारे व्हिडिओ दोन तास चालतात कारण तो स्क्रीन टाइम धरायचाच नसतो, आणि सगळ्यात खाली एका किटची लिंक. तरीच म्हटलं. मी डिलीट करून मोकळी झाले असते पण धाकट्या जावेने तो मनावर घेतला, रात्री भांडी घासता घासता मला म्हणते, "ताई, आपन तर पोट्ट्याले काहीच करून नाई देत, त्याचं नुकसान तर नाई होऊन रायलं ना?" म्हणून हे लिहिणं.

आधी हिशोब करू. आमच्याकडे मे महिन्यात सकाळी अकराला दार लावलं की पाचपर्यंत लेकरू बाहेर काढायची सोय नाही, पारा ४५ च्या आसपास. सुट्टीही लांब, २०२५ ला बाकी महाराष्ट्राच्या शाळा १६ जूनला उघडल्या आणि आपल्या विदर्भातल्या २३ ला. तर सहा तास, अर्ध्या तासाला एक म्हणजे रोजच्या बारा अ‍ॅक्टिव्हिटी, दोन महिन्यांच्या सातशेच्या वर. हे घर आहे का सर्कस? आणि स्वयंपाक कोण करणार, लिंकवाले?

बोअर होण्याचं आता. जावेचा मुलगा चार वर्षांचा, परवा दुपारी लाइट गेली, कूलर बंद, टीव्ही बंद, आणि याचं सुरू झालं, "मले करमत नाई, मले करमत नाई." सासूबाई सपरीत, म्हणजे ओसरीत, सरगुंडे करत बसल्या होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, घट्ट कणकेची बारीक वळी करायची, काडीवर वेटोळं गुंडाळायचं आणि अलगद काडी ओढून घ्यायची, मग वाळवून ठेवायचे, आमरस झाला की कामी येतात. त्यांनी काही समजावलं नाही, रागावल्या नाहीत, एक गोळा आणि एक काडी त्याच्यापुढे सरकवली. पहिल्यांदा वळी तुटली. दुसऱ्यांदा गुंडाळली पण काडी ओढताना सगळं लोळागोळा. मग तो आजीच्या बोटांकडे पाहत बसला, नुसतं पाहत, आणि नंतर स्वतःच बोटाला कोरडं पीठ लावलं, ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं. तासभराने अकरा सरगुंडे झाले, पालीच्या शेपटीसारखे, पण त्याने ते मोजले, दोनदा मोजले, आणि वेगळ्या सुपात ठेवायला लावले. करमत नव्हतं म्हणूनच तर तो तिथे जाऊन बसला ना! बाराच्या ठोक्याला आपण क्राफ्ट पेपर घेऊन हजर असतो तर आजीच्या हाताकडे कशाला पाहिलं असतं त्यानं?

आणि हातातल्या कामातून शिकणं ही काही माझी आयडिया नाही, १९३७ साली आपल्या वर्ध्यातच गांधीजींनी परिषद घेऊन नई तालीम मांडली. ती शाळेतल्या पोरांसाठी होती हे खरं, पण चार वर्षांच्या हाताला काम आवडत नाही असं कोण म्हणते?

९० टक्क्यांचं भूत तर दरवर्षी येते. पाच-सहा वर्षांपर्यंत मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या ९० टक्क्यांच्या जवळ जातो, हे बरोबर. पण तो आकार झाला. शिकणं, समजणं, जोडण्या होणं पुढेही चालूच असतं, विचार करून निर्णय घेणारा मेंदूचा पुढचा भाग तर पंचविशीपर्यंत पिकत राहतो. पहिली वर्षं महत्त्वाची आहेतच, त्यात बोलणं, खाणं, झोप, माया लागते. "वेळ गेली" हे वाक्य मात्र किट विकायला लागते.

कडधान्याच्या परातीवर मला खरंच राग आला. आमच्या नात्यातल्या अडीच वर्षांच्या पोरीने हरभरा नाकात घातला, कोणाला समजलं नाही, ओलाव्याने तो फुगला, आणि रात्री तालुक्याला गाडी करून न्यावं लागलं. नाकात होता म्हणून निभावलं, श्वासनळीत गेला असता तर? तीन वर्षांच्या आतल्या लेकराला हरभरा, शेंगदाणा, चिंचोका, मणी, काहीच एकट्याने खेळायला द्यायचं नाही. वाट्या, झाकणं, गंज म्हणजे पातेलं, लाकडी चमचा द्या, आवाज होईल तर होऊ द्या. चिंचोके मोठ्या पोरांसाठी. माझी सात वर्षांची पोरगी दगडावर घासून दोन करते, चार अर्धुकं झाली की अष्टाचंगा हा सोंगट्यांचा खेळ सुरू, चारही पांढरे पडले की चार, चारही काळे पडले की आठ. चार-पाच वर्षांच्यांसाठी फरशीवर खडूने एका ओळीत १ ते १० घरं काढा आणि आकडा म्हणत खडा पुढे सरकवा. अमेरिकेत रमानी आणि सीगलर या संशोधकांनी २००८ मध्ये गरीब घरातल्या बालवाडीच्या पोरांना हाच प्रकार दोन आठवड्यांत चार वेळा, दरवेळी पाव तास खेळवला आणि आकड्यांची समज वाढलेली दिसली. खर्च एक खडू.

व्हिडिओंचं सरळ आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ ला सांगून ठेवलंय, वर्षाच्या लेकराला स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी तर आणखी बरं. शिकवणारा व्हिडिओ आहे म्हणून बसून पाहणं काही वेगळं होत नाही. तरी मी कोणाला बोल लावणार नाही, घरात म्हातारं माणूस नाही, एक कडेवर एक पायाशी, आणि गॅसवर कढई, त्या बाईने वीस मिनिटं मोबाइल दिला तर देऊ दे. फक्त त्याला अभ्यास म्हणू नका.

आणि एवढ्या लांबलचक मेसेजमध्ये कूलरचं एक अक्षर नाही! पोरं दिवसभर घरात म्हणजे दिवसभर लोखंडी कूलरजवळ, दर उन्हाळ्यात शॉक लागल्याच्या बातम्या येतात. पाणी भरताना बटण नाही, पिनच काढायची, अर्थिंग तपासून घ्यायचं, खालचं ओलं पुसायचं.

जावेला हे सगळं सांगितलं, तिला पटलंही, पण सकाळी पुन्हा मेसेजचा भाग दोन आला आणि तिने सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी चष्मा वर केला. "कोन बाई हाये हे लिवनारी? तिले म्हना ये इकडं, वीस किलो चिंच फोडाची पडली हाये."